एक हजार त्रेचाळिसावी ओळ

सुवर्णा गुंडेटीनं पेनड्राइव्ह आणून दिला
रुमालाच्या गाठीत, सुट्या पैशांसोबत.
"सगळं हाय यात. कुंभारी, दत्त नगर, विडी घरकुल.
उघडताना जपून, सर. खालचं वर व्हतंय."

खाली टॉवेलचे माग चालू होते.
त्यांची खटखट भिंतीतून टेबलात,
टेबलातून माझ्या मनगटात.
मी फाईल आत ओढली.
वरच्या तीन ओळी सोडल्या : संस्थेचं नाव,
प्रकल्पाचं नाव, आणि एक नुसतीच रिकामी,
शोभेला.

जोडलेले खाने तुटले.
गल्लीचं नाव पहिल्या घराला मिळालं,
पुढची अकरा घरं बिनपत्त्याची.
मीच मग ते नाव खाली खाली भरत नेलं,
दारोदार पाटी ठोकत जावं तसं.

रोज किती तास बसता?
राज्यव्वा चिप्पा म्हणाली होती, ५-६.
शीटला वाटलं, जूनची पाच तारीख.
माझ्यापर्यंत पोचले
पंचेचाळीस हजार चारशे अठ्ठेचाळीस तास.
हसलो.
मग उगाच भागून पाहिलं. रोजचे सहा धरले,
सुट्टी एकही नाही,
तर जवळजवळ एकवीस वर्षं.
वय शेजारच्याच रकान्यात : एक्केचाळीस.
बसत होतं.
तरी चूक ती चूक. दुरुस्त केली.

रोज किती विड्या?
सॉफ्टवेअर पहिल्या हजार ओळी चाळतं
आणि ठरवून टाकतं, हा रकाना आकड्यांचा.
त्याला दोष कसा देऊ, हजार बायकांनी
आकडाच दिला होता.
आठशे. सहाशे पन्नास. सातशे. आठशे.
एक हजार त्रेचाळिसाव्या ओळीला ते अडलं,
लाल अक्षरांत पुटपुटलं :
अपेक्षित अंक, सापडलं भलतंच.
तिथं एनए ठेवलं
आणि पुढच्या बाईकडे गेलं.

एनए म्हणजे माहिती नाही.
मूळ फाईल उघडली. माहिती होती.
"हजार. पण त्यातल्या दोनशे पोरीच्या.
तिचं नाव लिवू नका, ती साळंत जाती."

सुवर्णाला फोन लावला.
म्हटलं, नुसता आकडा घ्यायचा असतो गं.
"आकडा ती मुन्शीला देतेच की, सर.
मला म्हणली, मी बोलले तसंच लिव. मी लिवलं."
मागं कुकरची शिट्टी. मग ती म्हणाली,
"ब्रँचला बी असंच असतंय.
वरच्या चार कट्ट्या बघायच्या
आन् अख्ख्या सुपाचं ठरवायचं.
उरलं ते छाट."

मी रकान्याचा प्रकार बदलला. मजकूर.
एका वाक्यापायी सोळाशे आकडे
उजवी कड सोडून उठले
आणि डावीकडे जाऊन बसले
शब्दांच्या पंगतीला.
आता त्यांची बेरीज होईना.
आठशे हा एक शब्द. सातशे हा एक शब्द.
पंख्याखाली बसून मी ते वाचत गेलो,
पहिल्यांदाच, वरून खाली.
घाम कीबोर्डवर टपकत होता.

अहवाल सोमवारी हवा होता.
शेजारी नवा रकाना उघडला, त्यात तिचे आठशे लिहिले.
सरासरी निघाली : सातशे बारा पूर्णांक चार.
दोनशे त्यात नाहीत.
कुठल्याच तक्त्यात नाहीत.
जुना रकाना पुसायचा धीर झाला नाही,
आणि छापायचाही.

शनिवारी सुवर्णा पेनड्राइव्ह न्यायला आली.
त्या दिवशी नळाला पाणी होतं, पाचव्या दिवशीचं,
तिला घाई.
"लागला का हिशेब?"
म्हटलं, दोनशे शिल्लक राहतात.
तिनं रुमालाची गाठ दातांनी आवळली.
"राहतेत की वो," म्हणाली,
आणि जिना उतरली
मागांच्या आवाजात.